कांदळवनाचा अर्क जिवाणूंना किती रोखतो?

खारफुटीच्या पानांचा किंवा सालीचा अर्क जिवाणूंची वाढ थांबवतो, हे आता नव्यानं सिद्ध करायची गरज उरलेली नाही. तिवर, कांदळ, गेवा, मारांडी, काजळा, चिप्पी अशी आपल्या खाड्यांच्या कडेला उभी असलेली जवळजवळ प्रत्येक जात कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत तपासून झाली आहे, आणि बहुतेकींनी कोणता ना कोणता जिवाणू रोखून दाखवला आहे. तरी औषधाच्या दुकानात खारफुटीपासून काढलेलं एकही प्रतिजैविक मिळत नाही. चाळीसेक वर्षांचं संशोधन आणि पदरात औषध नाही, असं का झालं? माझं मत असं, की झाडं कमी पडलेली नाहीत. आपली तपासणी फार लवकर संपते, आणि जिथं संपते तिथंच खरं काम सुरू व्हायला हवं.

विषय निकडीचा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा जिवाणूंचा काही ना काही संबंध होता, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या औषधांची सर्वांत जास्त गरज कोणत्या जिवाणूंसाठी आहे, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये काढली. तिच्यातल्या अतितातडीच्या गटात होते ते सगळे ग्राम-निगेटिव्ह जिवाणू. दुहेरी आवरणाचा हा गट वनस्पतींच्या अर्कांना सर्वांत कमी दाद देतो. या विषयातली मोठी अडचण इथंच आहे.

खारफुटीकडेच लक्ष का गेलं, याचं उत्तर तिच्या जागेत आहे. दिवसातून दोनदा खारं पाणी चढतं आणि उतरतं. मुळांखालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, आणि गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू तिथं दाटीनं असतात. सडक्या अंड्यासारखा तो खाडीचा वास त्यांचाच. वर कडक ऊन, आणि तिवराच्या पानाखाली बोट फिरवलं तर हाताला लागणारं मीठ. अशा जागी लाखो वर्षं टिकून राहिलेल्या जातींनी कुजणं रोखणारी रसायनं साठवली असली पाहिजेत, हा तर्क साधा आहे आणि बराचसा बरोबरही आहे. कांदळाची गळलेली पानं चिखलात सावकाश कुजतात, यात त्यांच्यातल्या टॅनिनचा मोठा हात असतो.

किनाऱ्यावरच्या लोकांनी हे प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. सुती जाळ्यांच्या काळात दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर कांदळकुळातल्या झाडांच्या सालीच्या काढ्यात जाळी आणि शिडं बुचकळून वाळवत. ओलं सूत जिवाणू आणि बुरशी कुजवतात, टॅनिन बसलं की ते टिकतं. नायलॉन आलं आणि ही गरज संपली. कांदळाची साल जुलाबावर, मारांडीची पानं सांधेदुखीवर, गेवाचा वापर जखमा आणि त्वचारोगांवर, अशा नोंदी भारतापासून फिलिपाइन्सपर्यंत मिळतात. ऑस्ट्रेलियातल्या सागरी विज्ञान संस्थेतले डब्ल्यू. एम. बंदारनायके यांनी १९९८ मध्ये या पारंपरिक वापरांचा आणि २००२ मध्ये खारफुटीतल्या रसायनांचा असे दोन मोठे आढावे घेतले. आजही या विषयावरचा निबंध बहुधा त्यांचा आधार घेऊनच सुरू होतो. आपल्याकडे तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र आहे. तिथल्या के. कथिरेसन आणि सहकाऱ्यांनी पिचावरमच्या कांदळवनाशेजारी बसून हे काम वर्षानुवर्षं केलं. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही मारांडीसारख्या वनस्पतींचं रसायन उलगडण्याचं काम झालं आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी कशी होते ते पाहू, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. पानं धुतात, सावलीत वाळवतात, दळतात. ती भुकटी सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात ठेवून मिथेनॉल, इथाइल अॅसिटेट किंवा अशाच एखाद्या द्रावकानं तासन्‌तास धुऊन काढतात. द्रावक उडवला की तळाशी हिरवट-काळा चिकट अर्क उरतो. दुसरीकडे आगरच्या बशीवर जिवाणूंचा पातळ थर पसरतात, आगरला बुचाएवढी भोकं पाडतात आणि त्यांत अर्क भरतात. बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी सगळीकडे जिवाणूंचं दुधाळ पटल आलेलं असतं, आणि अर्कानं काम केलं असेल तर भोकाभोवती एक स्वच्छ गोल दिसतो. पट्टी लावून त्याचा व्यास मोजतात, मिलिमीटरमध्ये. शेकडो निबंधांचा निष्कर्ष म्हणजे या व्यासांचा तक्ता.

हा गोल पाहून कुणालाही आनंद होईल, पण त्यातून निघणारा अर्थ मर्यादित असतो. रुग्णालयात प्रतिजैविकांची निवड करताना हीच पद्धत वापरतात. बाउअर आणि कर्बी यांच्या गटानं १९६६ मध्ये ती प्रमाणित केली. मात्र तिथं प्रत्येक औषधाची टिकली ठरलेल्या वजनाची असते आणि किती मिलिमीटर म्हणजे किती परिणाम, हे आधी ताडून ठेवलेलं असतं. झाडाच्या अर्काला असं कोष्टक नाही. गोल मोठा येण्याचं कारण अर्क जोरदार असणं हे असू शकतं, तसंच त्यातला पदार्थ आगरमध्ये सहज पसरणं हेही असू शकतं. तेलकट, पाण्यात न विरघळणारा पण अतिशय प्रभावी पदार्थ भोकातच बसून राहतो आणि निबंधात ‘परिणाम नाही’ अशी नोंद होते.

मात्रेचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम एवढा दाट अर्क घेऊन त्यातला दहावा हिस्सा भोकात टाकला, की बशीत १० मिलिग्रॅम कच्चा माल गेला. शेजारी तुलनेला ठेवलेल्या जेंटामायसिनच्या प्रमाणित टिकलीत असतात १० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या हजाराव्या भागाइतकं. मग दोन्हीभोवती सारखाच गोल दिसला म्हणून अर्क ‘जेंटामायसिनच्या तोडीचा’ कसा ठरतो? स्पेनमधल्या रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मध्ये या बाबतीत स्पष्ट सीमा सुचवली होती: मिलिलीटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अर्क लागत असेल तर तो प्रयोग करूच नये, १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम झालं तरच तो अर्क लक्षवेधी मानावा, आणि शुद्ध संयुगासाठी ही सीमा १० मायक्रोग्रॅम. ही चाळणी लावली की खारफुटीवरच्या निबंधांचा ढीग झपाट्यानं उतरतो. तुलनेसाठी एवढंच, की प्रयोगशाळांत प्रमाण म्हणून वापरला जाणारा ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅममध्ये थांबतो.

तरीही काही निबंध पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. श्रीलंकेतल्या अबेसिंघे यांनी २०१० मध्ये सहा जातींची पानं आणि साल तपासली. त्यांत तिवराच्या दोन जाती, गेवा, लुम्निट्झेरा, ब्रुगिएरा आणि कांदळाचा एक भाऊबंद होता. समोर होते प्रतिजैविकांना न जुमानणारे दोन जिवाणू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि प्रोटियस. गेवाच्या जून पानांचा इथाइल अॅसिटेटमधला अर्क स्टॅफिलोकॉकसवर सर्वांत सरस ठरला. मला त्यातल्या दुय्यम वाटणाऱ्या निरीक्षणांचं मोल अधिक वाटतं. ताजा माल वाळवलेल्या मालापेक्षा सरस निघाला. काढून ठेवलेल्या अर्काचा प्रभाव दिवसांगणिक घटत गेला. पाण्यातल्या अर्कानं प्रोटियसला अजिबात रोखलं नाही. या तीन नोंदी एकत्र वाचा. गावात वैदू ताजा पाला ठेचून लगेच जखमेवर बांधतो. आपण तो पाला वाळवून, तापवून, महिनाभर ठेवून तपासतो आणि मग परंपरेत तथ्य आहे की नाही याचा निवाडा देतो. तू योयो यांनी चीनमध्ये हिवतापावरचं आर्टेमिसिनिन वेगळं केलं तेव्हा निर्णायक ठरलं होतं ते उकळण्याऐवजी कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढणं. त्याच कामाला २०१५ चं नोबेल मिळालं. अर्क कसा काढला हा प्रश्न तेव्हा अख्ख्या शोधाचा कणा ठरला. खारफुटीच्या निबंधांत मात्र त्याला ‘पद्धती’ या सदरात दोन ओळी मिळतात.

अर्कात नेमकं काय असतं, इथं विषय खऱ्या अर्थानं रंगतो. कांदळाच्या सालीत टॅनिन भरपूर, आणि बशीवर दिसणाऱ्या अनेक गोलांचा धनी तेच. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे बशीत ते जिवाणूचीही प्रथिनं गोठवतं आणि पोटात गेलं तर आपलीही. रक्तात ते धड पोचतच नाही. जखम धुणं, गुळण्या, जुलाब अशा वरवरच्या कामाला ते उपयोगी पडतं, म्हणूनच परंपरेत त्याचा वापर तेवढ्यापुरता दिसतो. प्रतिजैविक शोधणाऱ्यानं मात्र टॅनिन आधी बाजूला काढून मग चाचणी घ्यायला हवी. हे साधं पथ्य कित्येक निबंधांत पाळलेलं दिसत नाही.

काजळ्याची गोष्ट निराळी. हे झाड वावडिंगाच्या गोतावळ्यातलं, आणि वावडिंगात जे एम्बेलिन असतं त्याचा सख्खा भाऊ म्हणावं असं संयुग १९८९ मध्ये काजळ्यातून वेगळं झालं. ते मासे मारतं. झायलोकार्पस हे महाराष्ट्रात अत्यंत दुर्मीळ झालेलं झाड कडुलिंबाच्या कुळातलं, त्यामुळे कडुलिंबासारखीच लिमोनॉइड वर्गातली कडू संयुगं त्यात सापडतात. गेवाचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं. एरंडाच्या कुळातली त्याची डायटर्पीन संयुगं पेशींना झोंबणारी आहेत. जिवाणूवर सर्वांत सरस ठरलेला अर्क याच झाडाचा आहे, हे विसरून चालणार नाही. जिवाणू मरतो त्याच मात्रेत माणसाची पेशीही मरत असेल तर हाती आलं ते विष, औषध नव्हे. म्हणून प्रत्येक गोलासोबत मानवी पेशींवरची चाचणी आणि दोन्ही मात्रांचं गुणोत्तर छापलं गेलं पाहिजे. खाऱ्या पाण्यातल्या ब्राइन श्रिंपच्या पिल्लांवरची झटपट चाचणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

तिवराबद्दल मला विशेष आस्था आहे, कारण ते आपल्या खाड्यांमध्ये सर्वाधिक दिसतं आणि त्याचं रसायन फार बोलकं आहे. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिवरातून नॅप्थोफ्युरॅनोन वर्गातली काही संयुगं वेगळी केली. ती फायटोअॅलेक्सिन होती, म्हणजे झाडावर हल्ला झाल्यानंतरच तयार होणारी. हल्लेखोर होता फायटोप्थोरा. कोकणातल्या बागायतदारांच्या हे नाव परिचयाचं आहे, कारण सुपारीचा कोळेरोग त्याच्याच भाऊबंदांचा. या शोधाचा पुढच्या चाचण्यांशी थेट संबंध आहे. आपण नमुना घेताना जाणूनबुजून धडधाकट, डाग नसलेली पानं निवडतो. झाडाचं सर्वांत प्रभावी शस्त्र मात्र त्या पानात अजून घडलेलंच नसतं. जखम केलेल्या, संसर्ग दिलेल्या तिवराच्या पानांचा अर्क निरोगी पानांच्या अर्काशेजारी ठेवून तपासणं फारसं खर्चिक नाही, आणि रत्नागिरी किंवा मालवणच्या महाविद्यालयातही ते होऊ शकतं. असे प्रयोग आपल्याकडे पद्धतशीर व्हायला हवेत.

आता ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंकडे वळू. यांच्या पेशीला बाहेरून आणखी एक पापुद्रा असतो, आणि आत शिरलेला परका पदार्थ बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींची संयुगं बहुधा या पंपांपुढे हरतात. अमेरिकेतल्या टेगोस, लुईस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक चोख प्रयोग केला. पंप बंद पाडले, आणि एरवी निष्प्रभ वाटणारी वनस्पतीज संयुगं ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर कितीतरी पटींनी प्रभावी ठरली. त्याआधी याच गटानं दाखवलं होतं, की बर्बेरिन तयार करणारी दारुहळदीच्या जातीची झुडपं त्यासोबत पंप रोखणारं दुसरं संयुगही तयार करतात. झाड एकट्या संयुगावर विसंबत नाही, जोडी वापरतं. मग अर्काचे घटक सुटे करत गेलं की प्रभाव का नाहीसा होतो, हेही कळतं. खारफुटीच्या अर्कांची चाचणी जुन्या प्रतिजैविकासोबत जोडीनं घ्यायला हवी. निकामी ठरू लागलेल्या औषधाला अर्कातल्या घटकानं पुन्हा धार आणली, तर तो शोध नव्या प्रतिजैविकाइतकाच मोलाचा ठरेल.

दुसरी वाट आहे जिवाणूला न मारता त्याला निःशस्त्र करण्याची. जिवाणू आपापसांत रासायनिक इशारे देतात. पुरेशी संख्या जमली की सगळे मिळून विषारी द्रव्यं सोडतात आणि चिकट पटल बांधून त्यात लपतात. कराईकुडीच्या अळगप्पा विद्यापीठातल्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की कांदळाच्या जातींचे अर्क औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासमधले हे इशारे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली विषारी द्रव्यं कमी करतात. स्यूडोमोनास म्हणजे ग्राम-निगेटिव्ह, रुग्णालयांतला हट्टी. त्याच्या थरात गोल उमटत नाही म्हणून कांदळ आजवर नापास होत आला. जिवाणू जिवंत राहतात म्हणून त्यांच्यावर प्रतिकार घडवण्याचा दबावही कमी पडेल, अशी आशा आहे. या विषयातल्या साऱ्या संशोधनात मला हाच धागा सर्वांत आश्वासक वाटतो.

तिसरी शक्यता अशी, की रसायन झाडाचं नसेलच. झाडाच्या आत बुरश्या आणि जिवाणू बिनबोभाट राहतात. जर्मनीतल्या हर्टवेक यांच्या गटानं २०१० मध्ये ब्रुगिएराच्या आत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून झियामायसिन हे नवं संयुग मिळवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खारफुटीतल्या स्ट्रेप्टोमायसिसनं त्याच घराण्यातली संयुगं दिली, आणि त्यांतल्या काहींनी मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकसही रोखला. औषधांच्या इतिहासाशी हे जुळतं, कारण आज वापरात असलेली बहुतेक नैसर्गिक प्रतिजैविकं मातीतल्या सूक्ष्मजीवांनीच दिली आहेत. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटानं १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं तेही एका स्ट्रेप्टोमायसिसमधून, आणि त्या जिवाणूला पिंपरीवरून ‘पिंप्रिना’ हे नाव मिळालं. खाडीचा चिखल आणि तिवराची मुळं यांतून असे जिवाणू वेगळे करण्याचं काम महाराष्ट्रात जोमानं व्हावं, असं मला फार वाटतं. जिवाणू टाकीत वाढवता येतो, त्यासाठी झाड सोलावं लागत नाही.

चांदीच्या नॅनोकणांबद्दल थोडक्यात. खारफुटीच्या अर्कात चांदीचा क्षार मिसळून कण बनवायचे आणि ते जिवाणू मारतात असं दाखवायचं, अशा निबंधांची गेल्या काही वर्षांत लाट आली. चांदी स्वतःच जिवाणू मारते. त्याचं श्रेय पानाला देता येत नाही.

उपयोग सर्वांत आधी कुठं होईल? माझ्या मते कोळंबी आणि माशांच्या शेतीत. तिथले जिवाणू व्हिब्रिओ कुळातले, आणि तळ्यात प्रतिजैविकं ओतण्यानं निर्यातीचा माल परत येतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर तर बंदीच आहे. परंगीपेट्टईच्या संशोधकांनी क्लाउनफिशच्या खाद्यात कांदळाच्या एका जातीच्या पानांचा अर्क मिसळून २०१५ मध्ये दाखवलं, की माशांची प्रतिकारशक्ती वाढते आणि व्हिब्रिओच्या संसर्गात ते अधिक तगतात. खाद्यातल्या अर्काला शुद्ध रेणूची अट नाही आणि रक्तात पोचण्याची अडचणही तुलनेनं कमी. कोळंबीची तळी खोदताना याच झाडांवर कुऱ्हाड पडली आहे, म्हणून त्यांच्याच पानांनी ती शेती सावरावी यात मला न्यायही दिसतो.

मात्र पानं कुठून येणार, हा प्रश्न टाळता येणार नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन सुमारे ३२४ चौरस किलोमीटर होतं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये त्याच्या तोडीवर बंदी आणली, २०१२ मध्ये राज्यानं स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवन वृक्षाचा मान दिला. एवढं संरक्षण मिळवल्यावर ‘औषधी’ म्हणून साल सोलायला परवानगी देणं घातक ठरेल. टॅक्सॉल या कर्करोगाच्या औषधासाठी सुरुवातीला अमेरिकेतल्या यू वृक्षाची साल लागायची आणि झाड मरायचं. पुढे युरोपीय यूच्या पानांतून त्याचा पूर्वघटक मिळाला आणि ते थांबलं. खारफुटीत साल आणि मूळ यांवरचे निबंध म्हणूनच मागे ठेवावेत. पानं, गळलेला पाला आणि रोपवाटिकेत वाढवलेली झाडं यांच्यावर भर द्यावा.

माहितीच्या मालकीचा मुद्दाही इथंच येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार अशा संसाधनातून व्यापारी लाभ झाला तर स्थानिकांना वाटा मिळायला हवा. २०२३ च्या दुरुस्तीनं ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला त्यातून बरीच सूट दिली. कोळी आणि भंडारी वस्त्यांमधलं खारफुटीचं ज्ञान बहुतांशी ग्रंथात नाही, तोंडी आहे. ते नोंदवायची जागा म्हणजे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही. त्या वहीत ‘मारांडी, औषधी’ एवढंच लिहून भागणार नाही. पान कोवळं की जून, ताजं की वाळलेलं, कोणत्या महिन्यात तोडलेलं, पाण्यात उकळलेलं की तेलात, आणि कोणत्या दुखण्यावर किती दिवस, हे सगळं सांगणाऱ्याच्या नावासकट लिहिलं गेलं, तर कायद्यानं हक्काचा पुरावा तयार होईल आणि प्रयोगशाळेला पहिला अर्क कसा काढायचा तेही कळेल.